गाळातला जंत, बेडकातला जंत

१८५९ साली लंडनच्या ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात मुंबई बेटावरच्या नारूविषयी एक लांबलचक लेख छापून आला. लेखक होता हेन्री जॉन कार्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतला डॉक्टर. शीर्षकात नारू पहिला आहे, पण लेखाची बरीच जागा व्यापली आहे ती मुंबईच्या तळ्यांतल्या गाळात वळवळणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कृमींनी. कार्टरने त्यांना एकेक करून लॅटिन नावं दिली, मापं घेतली, वर्णनं लिहिली. मुंबईच्या मातीपाण्यातल्या गोलकृमींच्या अगदी जुन्या शास्त्रीय वर्णनांत हा लेख मोडतो. मी त्याच्यापर्यंत पोचलो तो मात्र नारूच्या वाटेनं नव्हे. मला तिथं नेलं उपनगरातल्या एका झाडबेडकानं. ते पुढे येईलच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लहान मुलांच्या पोटात होतात त्यांना आपण जंत म्हणतो. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्यांना शेतकरी आणि कृषी विद्यापीठं सूत्रकृमी म्हणतात. पायाच्या फोडातून बाहेर पडणारा तो नारू. शाळेच्या पुस्तकात या सगळ्यांना मिळून गोलकृमी. प्राणी एकाच संघातले. अंग दोऱ्यासारखं, टोकांना निमुळतं, आडवा छेद घेतला तर गोल. यांतले असंख्य कृमी माती-पाण्यात मोकळे राहतात, कोणाचं काही बिघडवत नाहीत. बाकीचे झाडांच्या किंवा प्राण्यांच्या अंगात घर करतात. मोकळा राहणारा कृमी आणि अंगात राहणारा कृमी हे एकाच प्राण्याचे दोन अवतार असू शकतात का? १८५९ साली याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, आणि कार्टरचा सगळा खटाटोप याच प्रश्नाभोवती चालला होता.

नारू ज्यांनी पाहिला आहे अशी माणसं महाराष्ट्रात अजून आहेत. पायावर फोड येतो, आग होते, म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावतं. ती मादी. तिची लांबी मीटरभरापर्यंत भरते. काडीवर गुंडाळत, रोज थोडी थोडी, आठवडेच्या आठवडे ती ओढून काढायची. तुटली तर पाय सुजून, सडून माणूस अंथरूण धरतो. औषध तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पाय पाण्यात गेला की मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती, पोहताना दिसत होती. पुढे ती कुठं जातात आणि परत माणसात कशी शिरतात, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

कार्टरने तळी धुंडाळली. त्या वेळच्या मुंबईला नळ नव्हते. पाणी विहिरींचं आणि तळ्यांचं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आज पत्त्यांत उरली आहेत, तेव्हा ती खरीच तळी होती. त्यांच्या गाळात कार्टरला एक बारीक कृमी जिकडेतिकडे सापडला. त्याला त्याने ‘यूरोलेबीस पॅलुस्ट्रिस’ हे नाव दिलं. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. त्याची ठेवण नारूच्या पिल्लाच्या जवळची वाटली. त्यात एका शाळेची हकिगत त्याच्या हाती आली. शाळेत ५० मुलं होती. ती ज्या तळ्यावर आंघोळ करत त्या तळ्याच्या गाळात हा कृमी बुजबुजलेला होता. त्यांपैकी २१ मुलांना वर्षभरात नारू झाला. दुसरीकडे आंघोळ करणाऱ्या शाळांतली मुलं थोडे अपवाद वगळता सुटली. कार्टरने निष्कर्ष काढला : गाळातला हा कृमी कोवळा असताना आंघोळ करणाऱ्याच्या घामाच्या छिद्रातून आत शिरतो आणि आत वाढून नारू होतो.

वाचताना तर्क पटतो. आकडे खरे, तळं खरं, कृमी खरा. तळ्यावर जाणारी मुलं तळ्याचं पाणी पितही असणार, एवढाच धागा सुटला.

या कार्टरविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण मुंबईने त्याला पार विसरून टाकलं आहे. जन्म १८१३, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण जहाजावर डॉक्टर म्हणून अरबस्तानचा किनारा पाहून आलेला. मुंबईच्या टाक्यांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्याने केलेलं काम जगभर गाजलं. इथल्या एका स्पंजाच्या जातीला आजही कार्टेरी हेच नाव आहे. मुंबई बेटाच्या भूगर्भावर त्याने निबंध लिहिला. आपल्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीचा तो चिटणीस होता. नोकरी दवाखान्याची आणि हा सगळा उद्योग फावल्या वेळातला. माझ्यासारख्या, पदवी नसलेल्या आणि हिशेबाच्या नोकरीतून वेळ काढून वाचणाऱ्या माणसाला तो जवळचा वाटतो, याचं एक कारण हेही असेल. एशियाटिकच्या पायऱ्या चढताना मला त्याची आठवण होते. तिथल्या पुतळ्यांत तो नाही.

नारूचं कोडं सुटलं ते मुंबईपासून दूर. जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट नावाचा प्राणिशास्त्रज्ञ परजीवी कृमींचा त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार होता. माशांच्या एका गोलकृमीचं पिल्लू सायक्लॉप्स या पाण्यातल्या एकडोळ्या, पिसवेएवढ्या जीवात वाढतं, हे त्याने दाखवलं होतं. रशियन तरुण अलेक्सेई फेदचेन्को तुर्कस्तानच्या मोहिमेवर निघाला तेव्हा लॉयकार्टने त्याला सुचवलं, की नारूची पिल्लंही सायक्लॉप्समध्ये जातात का ते पाहा. फेदचेन्कोने १८७० च्या सुमारास समरकंदला ते पाहिलं. पिल्लं कातडीतून शिरत नव्हती. त्यांना सायक्लॉप्स गिळत होता आणि सायक्लॉप्सला पाण्याबरोबर माणूस. १९०५ मध्ये आफ्रिकेत रॉबर्ट लायपरने दाखवलं, की जठरातल्या आम्लासारख्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो आणि पिल्लू मात्र जिवंत बाहेर पडतं.

शेवटची कडी मुंबईत जुळली, आणि ती जुळवणारा माणूस मराठी होता. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (हीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली) डॉ. डी. ए. तुरखुड यांनी १९१० नंतरच्या दशकात स्वखुशीने तयार झालेल्या माणसांना नारूची पिल्लं पोटात असलेले सायक्लॉप्स पाजले आणि त्यांच्यात नारू निर्माण करून दाखवला. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ च्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग होते. त्यांचंही आडनाव तुरखुडच. कार्टरच्या गाळातल्या कृमीचा नारूशी काही संबंध नव्हता, हे मुंबईपुरतं तरी तिथं कायमचं ठरलं.

आता बेडूक. कार्टरचा तर्क नारूला लागू पडला नाही, पण तो चुकीच्या प्राण्याला लावलेला बरोबर तर्क होता. गाळा-मातीत मोकळा राहणारा, मग कातडीतून आत शिरणारा आणि आत गेल्यावर रूप बदलणारा कृमी खरोखर असतो. तो बेडकाच्या फुप्फुसात असतो.

त्याचं आजचं नाव रॅब्डियास. जुन्या ग्रंथांत तो ‘एस्कॅरिस निग्रोव्हेनोसा’ म्हणून येतो. निग्रोव्हेनोसा म्हणजे काळ्या शिरेचा. काळी शीर म्हणजे त्याचं आतडं, त्यात बेडकाचं रक्त भरलेलं असतं. १८६५ साली लॉयकार्टच्याच प्रयोगशाळेत इल्या मेचनिकॉफ या वीस वर्षांच्या पोराने याचं कोडं सोडवलं. फुप्फुसातला कृमी नर नाही आणि मादीही नाही, दोन्ही एकाच अंगात. त्याची अंडी बेडकाच्या घशात येतात, गिळली जातात, विष्ठेबरोबर मातीत पडतात. मातीत त्यांतून जी पिढी निघते तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. ती कोणाच्या अंगात जात नाही. तिची पिल्लं पुन्हा बेडकाच्या कातडीतून आत शिरतात आणि फुप्फुस गाठतात. आजोबा फुप्फुसात, मुलगा मातीत, नातू पुन्हा फुप्फुसात. लॉयकार्टने हे स्वतःच्या नावावर छापलं आणि मेचनिकॉफला मदतनीस म्हणून उल्लेखलं, त्यावरून गुरू-शिष्यांचं कायमचं फाटलं. मेचनिकॉफला पुढे पांढऱ्या पेशींच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, तरी हा राग त्याने मनात ठेवलाच.

मुंबईच्या गाळात कार्टर जे शोधत होता ते असं बेडकाच्या छातीत होतं. सहा वर्षांचंच अंतर.

बारावीच्या प्रॅक्टिकलला आमच्या पिढीने बेडूक फाडले. ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेल्या बेडकाच्या फुप्फुसात काळपट दोरे वळवळताना ज्यांनी पाहिले त्यांना तो रॅब्डियास आठवेल. आमच्या कॉलेजात ‘ते बाजूला काढा आणि हृदय दाखवा’ असं सांगण्यात आलं. परीक्षेला हृदयच होतं. प्राणिशास्त्राशी माझा कागदोपत्री संबंध तिथंच संपला, दोरे मात्र डोक्यात राहिले.

मुलुंड, भांडुप, बोरिवली, गोरेगाव या पट्ट्यात, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांना झाडबेडूक ओळखीचा असतो. शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटस, १८३० साली ग्रे याने दिलेलं. बोटांच्या टोकाला चकत्या, त्यामुळे भिंत चढतो, बाथरूमच्या खिडकीत बसतो. पहिल्या पावसात पिंपाच्या किंवा टाकीच्या कडेला साबणाच्या फेसासारखं घरटं करतो. पिल्लं त्यातून खालच्या पाण्यात टपकतात. तीन पावसाळ्यांपूर्वी अशाच एका बेडकावरून आमच्या गल्लीत स्कूटर गेली. तो मेल्याला तासही झाला नसेल. फुप्फुसात चार दोरे होते, प्रत्येकात काळी रेघ.

असा दोरा हाती लागला की तो नवी जात आहे असं म्हणायला काय करावं लागतं? वर्तमानपत्रात ‘नवी प्रजाती सापडली’ एवढंच येतं. सापडणं ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट. कृमी थंड फॉर्मलिनमध्ये टाकला तर गुंडाळी होऊन आखडतो. गरम अल्कोहोलमध्ये टाकला तर सरळ होऊन मरतो आणि मगच मापं घेता येतात. मग लॅक्टोफेनॉलमध्ये ठेवून अंग पारदर्शक करायचं, म्हणजे अन्ननलिका, चेतारज्जूचं कडं, मादीचं जननछिद्र कुठं आहे ते दिसतं. सूक्ष्मदर्शकाला चित्रनळी लावून आकृती काढायची. हे सगळं एका कृमीवर भागत नाही, दहा-वीस लागतात, कारण एकाच जातीतही माणसांसारखेच उंच-बुटके असतात.

बहुतेक गोलकृमींची जात नरावरून ठरते. नराच्या शेपटाकडे दोन कडक काट्या असतात, आजूबाजूला पुटकुळ्यांसारखे उंचवटे. काट्यांची लांबी, उंचवट्यांची संख्या आणि मांडणी जातीगणिक वेगळी. बेडकाच्या आतड्यातल्या कॉस्मोसर्का किंवा अ‍ॅप्लेक्टाना या कृमींना हा नियम चालतो. रॅब्डियासच्या बाबतीत पंचाईत अशी, की बेडकात नर नसतोच! उरतात तोंडाभोवतीचे ओठ, मुखपोकळीचा आकार, फुगलेली बाहेरची कातडी, अंड्यांची मापं. एवढ्यावर जगात ऐंशीहून जास्त जाती उभ्या आहेत. नर पाहायचा तर बेडकाची विष्ठा ओलसर मातीत ठेवून मोकळी पिढी वाढवावी लागते. अलीकडे डीएनएचा तुकडा वाचून जात पक्की करतात आणि अनेकदा एक समजलेल्या जातीतून तीन निघतात.

मग तुलना, आणि इथं इतिहास हवाच. भारतातल्या गोलकृमींसाठी आजही एच. ए. बेलिस यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतले १९३६ आणि १९३९ चे दोन खंड उघडावे लागतात. त्याआधी १९३० साली जे. एन. कर्वे यांनी बेडूक आणि भेकांतल्या गोलकृमींवर लिव्हरपूलच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड पॅरासिटॉलॉजी’मध्ये लिहिलं होतं. मराठी माणसाने या विषयात पाऊल टाकल्याला शतक होत आलं, हे आपल्या विज्ञानाच्या इतिहासांत शोधून सापडत नाही. झाडबेडकांतल्या रॅब्डियासच्या दोन जाती तर भर महायुद्धात वर्णन झाल्या : १९४२ साली ऑस्ट्रेलियात जॉन्स्टन आणि सिम्प्सन यांनी एक, १९४३ साली जपानमध्ये सात्यू यामागुती यांनी दुसरी. दोन शत्रुदेशांत माणसं एकाच वेळी बेडकाची फुप्फुसं उघडून बसली होती. यामागुतींची जात ज्या बेडकातली, तो आपल्या झाडबेडकाच्याच कुळातला. म्हणजे मुलुंडच्या दोऱ्याची पहिली तुलना जपानच्या दोऱ्याशी.

सगळं जुळलं नाही, म्हणजे तो खरंच वेगळा निघाला, तर नाव द्यायचं, आणि ज्या एका कृमीवर नाव टांगलं तो नमुना संग्रहालयात जमा करायचा. हा नमुना फार महत्त्वाचा. शंभर वर्षांनी कोणी भांडायला आलं, तर बाटली उघडून पाहता येतं. कार्टरच्या काळी हा दंडक रूढ नव्हता. आज यूरोलेबीस हे वंशनाव वापरात नाही, आणि त्याचे कृमी कोणते होते हे त्याच्या शब्दांवरून आणि मापांवरूनच ताडावं लागतं.

माझे चार दोरे मी एका संस्थेत काम करणाऱ्या जाणकारांकडे दिले. चार पुरत नाहीत, हे त्यांनी सांगण्याआधीच मला माहीत होतं. राष्ट्रीय उद्यानातला बेडूक उचलायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावीच. त्यामुळे माझ्यासारख्याची भिस्त रस्त्यावर मेलेल्या बेडकांवर. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री दहा ते बारा टॉर्च घेऊन फिरायचं. वॉचमन विचारतात, ‘काका, काय हरवलं?’

ही घाई कशासाठी, असं कोणी विचारेल. मुंबईला पहिलं नळाचं पाणी १८६० मध्ये मिळालं ते विहार तलावाचं. मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरने तो बांधला. म्हणजे कार्टरचा लेख छापला जात होता तेव्हा आमच्या डोंगरामागे बांध पुरा होत होता. नंतर १८७९ मध्ये तुळशी. नळ आले तशी शहरातली तळी बुजली, मलेरियाच्या भीतीने विहिरी झाकल्या गेल्या. नारूच्या दृष्टीने हे भलंच झालं. आता तेच उपनगरांत चाललं आहे, आणि इथं नारू नाही. जोगेश्वरीच्या अंध मुलांच्या शाळेतल्या विहिरीत सापडलेल्या, डोळे नसलेल्या लालसर माशाला २०२२ मध्ये ‘रक्तामिक्थिस मुंबा’ हे नाव मिळालं, मुंबाआईवरून. ती विहीर आधी बुजली असती तर नाव द्यायला मासा उरला नसता. बेडकाचा कृमी तर माशाहून परावलंबी. त्याला फुप्फुसही हवं आणि फुप्फुसाखाली ओली मातीही हवी. पेव्हर ब्लॉक टाकलेल्या आवारात बेडूक कदाचित टाकीच्या आधाराने तग धरेल, त्याच्या विष्ठेतली पिढी धरणार नाही. तसा मुंबईत बेडूक नवा नाही. वरळीच्या खडकात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म जी. टी. क्लार्क यांनी लंडनला पाठवले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांना नाव दिलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते. त्यांच्या फुप्फुसात कोण होतं ते दगडाने राखलेलं नाही.

नारूचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण त्यातही बेडूक येतो. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद करणं, पाणी कापडातून गाळून पिणं, हातपंप बसवणं आणि सायक्लॉप्स मारणारं औषध टाकणं, एवढ्या साध्या उपायांवर भारताने नारू घालवला. महाराष्ट्र हे त्या सात राज्यांपैकी एक होतं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. जगभरात १९८६ मध्ये पस्तीस लाखांच्या आसपास रुग्ण होते. २०२३ मध्ये फक्त १४. आता संपणार असं वाटत असताना आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांच्या पायांतून नारू निघू लागला. सगळेच कुत्रे ते पाणी पीत होते, मग आताच का? शोधणाऱ्यांनी मासे तपासले, बेडूक तपासले, आणि २०१६ मध्ये तिथल्या एका जंगली बेडकाच्या अंगात नारूचं पिल्लू सापडलं. सायक्लॉप्स बेडकाने खाल्ला, बेडूक कुत्र्याने. पिल्लू बेडकात वाढत नाही, मांसात दबून वाट पाहतं. सापांतल्या नारूच्या एका भावंडाची ही तऱ्हा अमेरिकेत ब्रॅकेटने १९३८ सालीच बेडकांच्या पिल्लांवर दाखवली होती. तो निबंध कपाटात होता आणि ज्याला गरज पडली त्याने तो काढून वाचला.

यंदा पावसाळ्यात मला तीन झाडबेडूक मिळाले, दोन नाहूर स्टेशनच्या रस्त्यावर, एक आमच्याच इमारतीच्या गेटपाशी. नाहूरचे दोन्ही उन्हाने वाळून गेले होते. गेटपाशी मिळालेल्याच्या फुप्फुसात सात दोरे होते. सातही गरम अल्कोहोलमधून सरळ निघाले.